उंदराचे यकृत आणि आपले काळीज

बकरी ईदच्या दिवशी आमच्या घरी सर्वांत आधी शिजते ती कलेजी. गोश्ताचे तीन हिस्से व्हायचे असतात, ते वाटायला मुले घरोघर जायची असतात, देगची चुलीवर चढायला दुपार होते. पण कलेजी लगेच तव्यावर पडते. नमाजनंतरही काही न खाता बसलेले अब्बा तिच्याच पहिल्या घासाने तोंड उघडत. आमच्या किन्हीराजात अनेक घरांत अशीच रीत आहे.

कुरबानीला येणारे कसाई चाचा कलेजी काढली की ती तळहातावर घेऊन उजेडात धरतात. बोट फिरवतात, पालथी करतात आणि म्हणतात, "साफ है." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय घरातल्या बायका तवा ठेवत नाहीत. २०१७ मध्ये बकरी ईद २ सप्टेंबरला आली. त्या वर्षी चाचांनी कलेजी उजेडात धरली आणि ते बोललेच नाहीत. मग त्यांनी ती मला दाखवली. रंग फिकट होता, कडेला पिवळट ठिपके होते. "गाड दो," ते म्हणाले. "फवारे की पऱ्हाटी में मुँह मारा होगा इसने."

मी प्राणीशास्त्र शिकलेला आणि शिकवणारा माणूस. बकऱ्याच्या यकृतावर असे डाग कृमींमुळेही पडतात, हे मला ठाऊक होते. चाचांचे निदान बरोबर होते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यांचा संशय अनाठायी नव्हता. ते दिवस फवारणीचे होते. धुऱ्यावर चरणारे जनावर पऱ्हाटीचा पाला ओरबाडतेच. कलेजी आम्ही परसात पुरली. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात उकरून निघाला, जो मी विद्यार्थी असतानाच पुरून टाकला होता.

नव्वदच्या दशकात मी अमरावतीला शिकत होतो. आमच्यापेक्षा पुढच्या वर्गातले विद्यार्थी पांढऱ्या उंदरांवर कीटकनाशकांचा परिणाम तपासत. त्यांच्या हाताखाली मीही काम केले. विस्टर जातीचे ते उंदीर, लाल डोळ्यांचे, स्वभावाने गरीब. हातात घेतले तर चावत नसत. बोथट टोकाची वाकडी सुई त्यांच्या तोंडातून थेट जठरापर्यंत घालायची आणि मोजलेले औषध सोडायचे. उंदराला उलटी होत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. एकदा आत गेलेले विष त्याला परत फेकता येत नाही. ठरलेले दिवस भरले की उंदीर मारायचे, यकृत काढायचे, वजन करायचे, मेणात बसवून त्याचे पातळ काप घ्यायचे आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे.

निरोगी यकृताचा काप पाहण्यासारखा असतो. मध्ये एक शीर आणि तिच्याभोवती पेशींच्या ओळी, जणू हौदाभोवती नमाजींच्या रांगा लागल्या आहेत. विष दिलेल्या उंदरात या रांगा मोडलेल्या दिसत. पेशी फुगलेल्या, त्यांत चरबीचे पोकळ थेंब, रक्ताच्या वाटा रुंदावलेल्या, काही ठिकाणी पेशी मरून नुसता चोथा उरलेला. रक्त तपासले तर जी विकरे पेशीच्या आत असायला हवीत ती रक्तात वाढलेली सापडत. डॉक्टर ज्यांना एसजीओटी, एसजीपीटी म्हणतात तीच ही. भिंत फुटली की घरातले सामान रस्त्यावर यावे, तसे.

सुटीत गावी आलो तेव्हा हे सगळे मी अब्बांना उत्साहाने सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "जबह हम भी करते हैं बेटा. लेकिन छुरी तेज रखते हैं, जानवर को छुरी दिखाते नहीं, पानी पिलाते हैं, और एक बार में खत्म करते हैं. तुम तो रोज थोडा-थोडा मारते हो. इससे किसका भला हुआ?"

माझ्याकडे पाठ केलेले उत्तर होते. "इन्सान का भला होता है अब्बा. पता चलता है कि ये दवा कितनी जहरीली है." अब्बांनी मान हलवली. ते पटले म्हणून होते की विषय संपवायचा म्हणून, हे मला तेव्हा कळले नाही.

आज तो प्रश्न नीट मांडून पाहावा असे वाटते. माणसाला वाचवण्यासाठी मुक्या प्राण्याला विष देणे न्याय्य आहे काय? आणि असेल तर कोणत्या अटीवर?

आधी यकृताबद्दल थोडे. आपण मराठीत काळीज म्हणतो तेव्हा धडधडणारे हृदय डोळ्यांसमोर येते, पण कसायाकडे काळीज मागितले तर तो कलेजीच देतो. उर्दूत जिगर म्हणजे यकृत आणि जिगर म्हणजे हिंमतही. लोकभाषेने धैर्य यकृतात ठेवले, यात मोठे शहाणपण आहे. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते. आतड्यांतून शोषलेले सगळे रक्त आधी त्याच्या दारात येते. बरे-वाईट निवडायचे, विषाची नांगी मोडायची आणि मग पुढे पाठवायचे हे त्याचे काम. पण या पहारेकऱ्याची एक अडचण आहे. काही विषे दारात येतात तेव्हा तुलनेने सौम्य असतात. यकृत त्यांना मोडायला घेते आणि त्या प्रक्रियेतच ती अधिक जहाल होतात. क्लोरपायरिफॉस हे त्यातलेच. यकृतातील विकरे त्याचे ऑक्सॉन नावाच्या रूपात रूपांतर करतात आणि मज्जासंस्थेवर खरा घाव घालते ते हे रूप. मग तेच यकृत त्या रूपालाही निकामी करण्याच्या मागे लागते. म्हणजे जखम आणि मलम एकाच घरात तयार होतात. या झटापटीत त्याच्याजवळचा ग्लुटाथायोनसारखा संरक्षक साठा खर्ची पडतो आणि पेशी उघड्या पडतात.

यकृत सोसते फार. उंदराचे दोन तृतीयांश यकृत कापून काढले तरी उरलेला भाग वाढून थोड्याच दिवसांत पूर्वीचे वजन भरून काढतो, हे १९३१ मध्येच प्रयोगाने दाखवले गेले. माणसाच्या यकृतातही ही शक्ती आहे. त्यामुळेच ते लवकर तक्रार करीत नाही. तक्रार करते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. सोसणाऱ्याचे मौन म्हणजे त्याची संमती असे समजण्याची चूक आपण घरात, गावात आणि देशात सतत करतो. शरीराच्या बाबतीतही तीच होते.

आता त्या उंदरांकडे येऊ. १९२७ मध्ये ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक माप सुचवले. दिलेल्या प्राण्यांपैकी निम्मे मरतील ती मात्रा. त्याला एलडी-५० म्हणतात. आपल्या कृषी केंद्रात डब्यांवर जे रंगीत त्रिकोण दिसतात, त्यांचा उगम याच मापात आहे. तोंडावाटे दिलेली मात्रा दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे प्रत्येक त्रिकोणामागे मेलेल्या प्राण्यांची एक रांग उभी आहे. तो त्रिकोण त्यांचे थडगेच म्हणा ना.

अन्नात कीटकनाशकाचा अंश किती चालेल, हेही याच मार्गाने ठरते. ज्या मात्रेला प्राण्यावर कोणताही अपाय दिसला नाही, ती घेतात. माणूस उंदरापेक्षा दहापट नाजूक असू शकेल म्हणून दहाने भागतात. एक माणूस दुसऱ्यापेक्षा दहापट नाजूक असू शकेल म्हणून पुन्हा दहाने भागतात. शंभराने भागून जे उरते ती रोज आयुष्यभर खाल्ली तरी चालेल अशी मात्रा. हा हिशेब सावधगिरीचा आहे आणि त्याने अनेक जीव वाचले असणार, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली. त्या अनर्थातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आधी प्राण्यांवर तपासले नाही तर मग थेट माणसांवर तपासले जाते, ही प्रयोगाच्या बाजूची सर्वांत बळकट बाजू आहे.

विरुद्ध बाजूही तितकीच जुनी आहे. दहाव्या शतकात बसऱ्यात इख्वानुस्सफा नावाचे विचारवंतांचे मंडळ होते. त्यांच्या एका रिसाल्यात प्राणी जिन्नांच्या बादशहापुढे माणसाविरुद्ध फिर्याद नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्या कथेचे उर्दू भाषांतर झाले. माणूस दरबारात सांगतो की आम्ही सरळ उभे राहतो, आमची बुद्धी मोठी, आम्ही मालक. प्राणी त्याचा एकेक दावा खोडून काढतात. शेवटी निकाल माणसाच्या बाजूने लागतो, पण तो त्याच्या ताकदीमुळे नव्हे. माणसाला मेल्यावर उठून उत्तर द्यायचे आहे, म्हणून त्याचा दर्जा वेगळा. अधिकाराचे कारणच जाब हे आहे. ज्याला जाब द्यायचा नाही, त्याला अधिकारही नाही.

आपल्या परंपरेत याला आधार आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाई आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणारा माणूस, या दोन्ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. बांधलेल्या प्राण्यावर नेम धरण्यास मनाई आहे. कुरआन प्राण्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती मानतो. तेराव्या शतकातील फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी मालकाने त्याचा खर्च केलाच पाहिजे, असा हक्कच लिहून ठेवला. दुसरीकडे, जीव वाचवण्याच्या निकडीपोटी एरवी जे करू नये ते करण्याची मुभाही फिकहमध्ये आहे. पण ती मुभा निकड असेल तेवढीच आणि असेल तोपर्यंतच.

आधुनिक विज्ञानाने आपल्या भाषेत हेच मान्य केले आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले. प्राण्याविना काम भागत असेल तर प्राणी नको, भागत नसेल तर कमीत कमी प्राणी आणि त्यांना कमीत कमी यातना. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि प्रयोगांवर देखरेख करणारी समितीही आहे. निम्मे प्राणी मारून पाहण्याची जुनी चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक यादीतून २००२ मध्ये काढून टाकली गेली आणि तिच्या जागी फार थोडे प्राणी लागणाऱ्या पद्धती आल्या. आज यकृताच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर बरेच काही तपासता येते.

इथवर मी दोन्ही पारडी समोर ठेवली. माझे मत विचाराल तर ते असे आहे. माणसाचा जीव वाचवण्यासाठी, दुसरा मार्ग नसताना, कमीत कमी यातना देऊन केलेला प्रयोग मी गुन्हा मानत नाही. मात्र मी त्याला कर्ज मानतो. प्राण्याने दिलेले ज्ञान हे उसने घेतलेले धन आहे. ते ज्याच्यासाठी घेतले त्याच्यापर्यंत पोचले तर कर्ज फिटले. कपाटात राहिले तर तो जीव फुकट गेला, आणि फुकट घेतलेला जीव म्हणजे जुलूम. हीच परीक्षा लावली तर एकच कीटकनाशक, तोच उंदीर, तेच यकृत आणि तेच निष्कर्ष वर्षानुवर्षे फक्त पदवीसाठी पुन्हा पुन्हा लिहिणे कोणत्याच कसोटीवर टिकत नाही. नव्याने काही कळणार नसेल तर ती सुई कशासाठी?

पण या कर्जाचा खरा हिशेब प्रयोगशाळेत होत नाही. तो आमच्या शिवारात होतो.

किन्हीराजा हे मालेगाव तालुक्यातले गाव. १९९८ मध्ये वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तेव्हा आम्हीही त्यात आलो. सोयाबीन, तूर, कापूस ही आमची पिके. इथे कोणीही कीटकनाशकाला विष म्हणत नाही. सगळे औषध म्हणतात. मुसलमानांच्या घरात दवाई. "आज औषध मारायचं हाय," असे म्हणतात. आणि कोणी कर्जाने खचून जीव दिला तर त्यालाही "औषध घेतलं" असेच म्हणतात. एकच शब्द पिकाच्या आजारावर, माणसाच्या आजारावर आणि माणसाच्या अंतावर वापरला जातो. ज्याला रोज औषध म्हणायचे त्यापासून सावध कसे राहायचे?

आमची शेती भाईजान पाहतात. फवारणीला येणारा गडी वीसेक वर्षांपासून तोच. मी वाशिमहून सुटीला आलो की त्याला पाठीवरचा पंप घेऊन पऱ्हाटीत शिरताना पाहतो. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा समोर उडायचा आणि हवेतून परत तोंडावर यायचा. तोंडाला दुपट्टा, हात उघडे, पाय उघडे. टाकी गळून पाठ ओली. हातानेच काठी फिरवून दोन औषधे एकत्र केलेली. मी म्हटले, "हातमोजे तरी घाल." तो हसला. "काय होते सर? वीस वर्सं झाले फवारून रायलो. वास आल्याबिगर भाकर गोड नाही लागत मले." मीही हसलो. विषय संपला.

ईदनंतर काही दिवसांनी तो धुऱ्यावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, उलट्या. भाईजानने त्याला लिंबूपाणी पाजले, गाडीवर घालून डॉक्टरकडे नेले. सलाइन लागले, संध्याकाळी तो घरी आला. चौथ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर. त्याच आठवड्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बातम्या येऊ लागल्या. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो दवाखान्यांत दाखल झाले, काहींची दृष्टी गेली. नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण, डायफेन्थियुरॉन, मोनोक्रोटोफॉस ही नावे त्यांत होती. साठ दिवस संपले तोवर हंगामही संपला होता. पुढे २०२० मध्ये यवतमाळच्या काही पीडितांनी आणि विधवांनी थेट स्वित्झर्लंडमधील बासेलच्या न्यायालयात दाद मागितली. मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या द्रावणावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून ते पोटात जाऊन २३ मुले मेली होती, त्यानंतर दहा वर्षांनी.

मला इथे उंदीर आणि आमचा गडी शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. उंदराला एक विष मिळाले, मोजून. गड्याला दोन-तीन मिळाली, अंदाजाने. उंदीर थंड खोलीत होता. गडी उन्हात, घामाने भिजलेला, आणि ओल्या कातडीतून विष अधिक सहज आत शिरते. आमच्या उंदरांना ते तोंडावाटे दिले जाई, म्हणजे आधी यकृताच्या दारातून जाई. गड्याच्या कातडीतून आणि श्वासातून ते यकृताला वळसा घालून आधी सर्व अंगात फिरते. खाणाऱ्यासाठी आपण शंभराने भागलेली मात्रा ठरवली, फवारणाऱ्याची सगळी मदार पत्रकावरच्या बारीक अक्षरांतल्या सूचनांवर. उंदराचे रोज वजन होई. गड्याचे कोणी केले? उंदराच्या यकृताचा अहवाल छापला गेला. गड्याच्या यकृताचा अहवाल नाहीच.

आणि सर्वांत मोठा फरक. प्रत्येक प्रयोगात काही उंदीर असे ठेवतात ज्यांना विष देत नाहीत. त्यांच्याशी तुलना करून खरे काय ते कळते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गड्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरने विचारले, "दारू पितो का?" तो म्हणाला, कधीमधी. डॉक्टरने यकृत खराब आहे असे सांगितले आणि कारण दारू लिहिले. कदाचित ते खरेही असेल. कावीळ दूषित पाण्यानेही होते. फवारणीनेच त्याचे यकृत गेले असे मी म्हणू शकत नाही. पण नाही गेले, असे तरी कोण म्हणू शकतो? त्याचे रक्त वीस वर्षांत कोणी तपासलेच नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणीचे काम करणाऱ्यांची कामाआधी आणि काम चालू असताना ठरावीक अंतराने वैद्यकीय तपासणी करावी, ऑर्गॅनोफॉस्फरस हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज मोजावे, संरक्षक कपडे द्यावेत, असे लिहिलेले आहे. हा नियम उंदराच्या साक्षीवरच उभा आहे. कर्ज घेतले, पावतीही लिहिली, फक्त ज्याचे होते त्याला दिले नाही.

कोणी म्हणेल, त्याला कोणी जबरदस्ती केली? तो स्वतः येतो, रोज घेतो. हे खरे आहे आणि म्हणूनच अधिक विचार करण्यासारखे आहे. उंदराला पिंजरा लागतो. माणसाला भूक पुरते. फवारणीची मजुरी निंदणापेक्षा थोडी जास्त असते, त्या थोड्यात पिंजऱ्याच्या सगळ्या गजांची किंमत आली. धोका ठाऊक असून, नाही म्हणण्याची ऐपत असून दिलेली संमतीच संमती. आमच्या गड्याकडे यांतले एकही नव्हते. ठाऊक मला होते.

इथे मला माझाच जाब द्यावा लागतो. कंपनी, दुकान, सरकार यांना दोष देणे सोपे आहे, आणि दोष आहेतही. पण त्या धुऱ्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मोडलेल्या रांगा पाहिलेला माणूस एकच होता. तो "हातमोजे तरी घाल" म्हणून हसला आणि चहा प्यायला घरी गेला. हातमोज्यांची जोडी मी वाशिमहून आणू शकलो असतो. भाईजानशी भांडू शकलो असतो. पीक जाईल, कर्ज आहे, हे मलाही ऐकायचे नव्हते, कारण त्या पिकाचा वाटा माझ्याही घरी येत होता. अब्बांचा प्रश्न होता, इससे किसका भला हुआ? मी म्हटले होते, इन्सान का. त्या उत्तरातला इन्सान वीस वर्षे माझ्याच शेतात उभा होता.

आता आम्ही काही गोष्टी करतो. त्या मोठ्या नाहीत. फवारणी सकाळी लवकर, वारा पाहून. उपाशीपोटी कोणी पंप उचलायचा नाही. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा मालकाने द्यायचा, मजुरीतून कापायचा नाही. दोन औषधे मिसळायची नाहीत. अळी किती आहे हे मोजल्याशिवाय फवारायचेच नाही, त्याने फवारण्याही कमी झाल्या आहेत. हंगामाआधी आणि हंगामानंतर गड्याचे रक्त तपासायचे, खर्च आमचा. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "मले काय बिमारी हाय का सर, रगत काऊन घेता?" मी त्याला ते उंदीर, ती सुई, ते काप सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे उंदरायले पयलेच मालूम होतं."

होय, त्यांना आधीच ठाऊक होते. म्हणजे आपल्याला ठाऊक होते.

मी आता स्वतः फवारणीच्या शब्दातून औषध काढून टाकले आहे. घरात विष म्हणतो. भाईजानला सुरुवातीला ते अपशकुनी वाटायचे. आता त्यांची मुलेही डबा हात न लावता काठीने सरकवतात आणि म्हणतात, "जहर है." एक शब्द बदलला तर हात मागे येतो, एवढे मी पाहिले.

गेल्या बकरी ईदला कसाई चाचा आले होते. आता त्यांची नजर अधू झाली आहे. कलेजी त्यांनी उजेडात धरली, मग माझ्या हातात दिली. "तुम देखो मास्टर, मुझे अब ठीक से दिखता नहीं." मी ती पालथी केली, कडेवरून बोट फिरवले. साफ होती. तसे मी म्हणालोही. पण तवा तापेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच काळीज होते. ते उजेडात धरून कोणी पाहत नाही.